शाळेत नुसता चिखल खेळतो, लिहायला कधी लागणार?

प्रश्न : माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. डोंबिवलीत घराजवळच्या बालवाडीत छोट्या गटात जातो. सहा महिने झाले तरी वहीत एक अक्षर नाही. रोज खिशातून दगड, चिंचोके, सुकी पानं निघतात. मागे एकदा तर डब्यातून गोगलगाय निघाली. कपड्यांचं विचारूच नका. माझ्या जावेची मुलगी त्याच्याच वयाची, दुसऱ्या शाळेत जाते. ती एबीसीडी लिहिते, शंभरपर्यंत आकडे लिहिते. सासूबाई म्हणतात, "पैसे भरून चिखलात लोळायला पाठवता होय?" मी रात्री त्याला गिरवायला बसवते, तर पाच मिनिटांत "हात दुखतो" म्हणून रडायला लागतो. पावसाळ्यात दोनदा सर्दीताप झाला, तो मातीमुळे का? पहिलीत हा मागे पडेल का? जानेवारीत त्या दुसऱ्या शाळेचे प्रवेश सुरू होतात, शाळा बदलू का? आमचं घर वन बीएचके, खाली नुसतं पार्किंग. घरी मी काय करावं?
(नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर :

प्रिय ताई,

"हात दुखतो" ही थाप नाही. बाकीचं सगळं नंतर बोलू, आधी त्याचं तेवढं म्हणणं खरं माना आणि रात्रीची गिरवणी आजपासून बंद करा.

आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती हाडं नसतातच, नुसती कूर्चा असते. एक्स-रे काढला तर तिथे मोकळी जागा दिसते. मग वर्षावर्षाने एकेक हाड तयार होत जातं. तुमच्या मुलाच्या वयात साधारण निम्मी झालेली असतात आणि शेवटचं व्हायला नऊ ते बारा वर्षं लागतात. बोटांवर ताबाही याच काळात हळूहळू येतो. म्हणजे या वयात पेन्सिल हातात धरूच नये असं नाही. त्याला हवं तेव्हा, हवं ते, मोठ्या कागदावर किंवा फरशीवर खडूने खुशाल रेघोट्या मारू द्या. पण दोन रेघांच्या मधे मावेल असा 'अ' काढायला जी सूक्ष्म पकड लागते, ती त्याच्या हाताला अजून आलेली नाही. ती जिथे तयार होते ती जागा म्हणजे तुमच्या तक्रारीतला चिखल.

हाताची ताकद खांद्याकडून बोटांकडे येते. आधी खांदा आणि दंड स्थिर व्हावे लागतात, मग कोपर, मग मनगट, शेवटी अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं. पाण्याची छोटी बादली दोन्ही हातांनी उचलून झाडापर्यंत नेणं, फांदीला लोंबकळणं, ओल्या मातीचा गोळा दाबून दाबून लाडू वळणं, मग त्यातून चिमटीने एकेक चिंचोका उपसणं. हे सगळं एका सकाळी झालं, तर लिहिण्याला लागणारे झाडून सगळे स्नायू कामाला लागले. वहीत त्याची काही खूण राहत नाही, म्हणून पालकांना वाटतं की काही झालंच नाही.

आता जावेच्या मुलीचे शंभर आकडे. ती हुशार असेल, तिचं कौतुकच करा. पण आकडे लिहिता येणं आणि संख्या कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी एक प्रयोग करून पाहा. सहा चिंचोके एका ओळीत मांडा, त्याखाली सहा दुसऱ्या ओळीत, अगदी समोरासमोर. मुलाला विचारा, दोन्हीकडे सारखे आहेत का? तो हो म्हणेल. आता त्याच्या डोळ्यांदेखत खालच्या ओळीतले चिंचोके दूर दूर पसरा आणि पुन्हा विचारा. चार वर्षांची बहुतेक मुलं ठामपणे सांगतात, खाली जास्त आहेत! स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हे गेल्या शतकात दाखवून दिलं. साधारण सहा-सात वर्षांचं झालं की मूल हसून म्हणतं, "तेवढेच तर आहेत." हा बदल 1 ते 100 चारदा लिहून होत नाही. मोजून, वाटून, रचून, सांडून, पुन्हा गोळा करून होतो. शाळेतून तो जे चिंचोके घरी आणतो ते त्याचं गणिताचं साहित्य आहे, फेकू नका. (आणि हा प्रयोग जावेच्या मुलीवर, सगळ्यांसमोर, दिवाळीच्या फराळाच्या वेळी करू नका. मला पुढचं पत्र वेगळ्याच विषयावर येईल.)

खेळाचा दुसरा भाग हाताचा नाही, मनाचा आहे, आणि मला विचाराल तर तोच मोठा. तुमचा मुलगा विषामृत खेळतो का? राज्य असलेल्याने हात लावून "विष" म्हटलं की जागच्या जागी थिजायचं. पळावंसं वाटत असतं, पाय शिवशिवत असतात, तरी हलायचं नाही. दुसऱ्याने येऊन "अमृत" म्हटलं की सुटका. चार वर्षांच्या मुलाला तुम्ही एरवी "गप उभा राहा" म्हणून पाहा, तो अर्धं मिनिट राहणार नाही. खेळात तेच मूल पुतळ्यासारखं उभं राहतं, कारण नियम त्याने स्वतः मान्य केलेला असतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांचं खेळाविषयीचं म्हणणं जवळपास याच निरीक्षणावर उभं आहे: खेळात मूल स्वतःच्या वयापेक्षा मोठं वागतं. भातुकलीत "आई" झालेली मुलगी खोटा भात निवेपर्यंत थांबते, घरी खरा भात येईपर्यंत मात्र आरडाओरडा करते. पहिलीच्या बाईंना विचारा, त्यांना कोणतं मूल हवं असतं. अक्षरं येणारं मूल आवडतंच, पण आपली पाळी येईपर्यंत थांबणारं, सांगितलेलं लक्षात ठेवणारं, बिघडलं तर पुन्हा करून पाहणारं मूल आलं तर त्यांचं वर्ष सुखाचं जातं.

आणि ती गोगलगाय. डब्यात नको, हे अगदी मान्य. पण ती डब्यात शिरण्याआधी काय काय झालं असेल ते पाहा. त्याने ती कुंड्यांच्या मागे शोधली असणार. शिंगाला बोट लावलं की ती आत ओढून घेते हे त्याला कळलं असणार. पुन्हा लावून पाहिलं असणार, कारण एकदा झालं म्हणजे दर वेळी होतं का, हे कळायला दुसरा उपाय नाही. ती चालते तिथे चकचकीत रेघ उमटते हे दिसलं असणार. घरी आल्यावर तुम्ही "शी! फेक ती" म्हणालात तर विषय तिथेच संपला. "हिला कुठे भेटलास? पाय कुठे आहेत हिचे? उन्हात ठेवली तर काय करेल?" असं म्हणालात तर पुढची दहा मिनिटं तो बोलेल, आणि त्या दहा मिनिटांत लिबलिबीत, चिकट, शंख, ओलावा असे शब्द त्याच्या तोंडी बसतील. ते तक्त्यावरून पाठ होत नाहीत. मग तिला परत झाडाशी सोडून या आणि साबणाने हात धुवा. हात धुणं महत्त्वाचं, काही गोगलगायींच्या अंगावर माणसाला त्रास देणारे जंतू असू शकतात.

तुमचा खरा प्रश्न पहिलीत मागे पडण्याचा. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी पाचव्या वर्षी वाचायला शिकलेली आणि सातव्या वर्षी शिकलेली मुलं यांची तुलना केली. अकराव्या वर्षापर्यंत वाचनात दोघांमध्ये फरक उरला नव्हता. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते. तुम्ही म्हणाल, ते फिनलंड, इथे डोंबिवली आहे. ठीक आहे, आपल्याकडचं पाहू. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, आणि 2022 मध्ये त्याचा जो आराखडा आला त्याचा गाभाच खेळ हा आहे. पहिलीचा प्रवेश सहा वर्षं पूर्ण झाल्यावर. म्हणजे तुमच्या लेकाच्या हातात अजून पावणेदोन वर्षं आहेत, आणि पहिलीत अक्षरं पहिल्यापासूनच शिकवतात.

सासूबाईंना मात्र फिनलंड सांगू नका, त्यांना कोसबाड सांगा. हे खेळाचं खूळ परदेशातून आलं असं त्यांना वाटत असेल, तर निम्मं खरं आहे. बालोद्यानाची कल्पना जर्मनीतल्या फ्रीड्रिख फ्रोबेल यांची. 1837 मध्ये त्यांनी ब्लांकेनबुर्ग गावात पहिली शाळा काढली. लाकडी ठोकळे, गाणी आणि मुलांनी स्वतः लावायचे वाफे, असा त्यांचा अभ्यासक्रम. प्रशियाच्या सरकारला ती शाळा इतकी धोक्याची वाटली की 1851 मध्ये बंदी घातली! पण आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर जे उभं केलं, ते इथल्या मातीतलं होतं. डहाणू तालुक्यातल्या वारली पाड्यांवर माँटेसरीचं महागडं साहित्य कोण आणणार? ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शंख, शिंपले, बिया, पानं, गारगोट्या हेच साहित्य केलं. मुलं शाळेत येईनात तेव्हा बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जायची, तर त्यांच्यामागे शाळाच कुरणात नेली. सासूबाईंच्या पिढीला अनुताईंचं नाव माहीत असण्याची शक्यता बरीच आहे. त्यांच्या लहानपणच्या सागरगोट्यांचा विषय काढा, वाटलं तर नातवाला शिकवायला सांगा. सागरगोटा वर उडवून तो झेलायच्या आत खालचे दोन उचलणं म्हणजे डोळा आणि हात यांचा मेळ. त्याला आत्ता जमणार नाही, नुसतं उडवून झेलणंही पुष्कळ आहे. चिखलावरची त्यांची टीका महिनाभरात निवळेल.

आता थोडं कडू बोलते, कारण इथपर्यंत वाचून तुम्ही निर्धास्त व्हाल आणि तेही बरोबर नाही. "आमच्याकडे खेळातून शिक्षण" असा फलक लावून मुलांना मैदानात सोडून देणाऱ्या आणि स्वतः मोबाईल बघत बसणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. तो खेळ वाईट नाही, पण त्यासाठी फी भरायची गरज नाही. तेवढं काम तुमच्या सोसायटीतली मुलंही करतील. शाळेत जाऊन तासभर मागे बसायची परवानगी मागा. बाई खाली बसून मुलांशी बोलतात का, बोलण्यात प्रश्न असतात का, की नुसत्या सूचना? रोज एक तरी गोष्ट सांगितली किंवा वाचून दाखवली जाते का? गाणी, बडबडगीतं, कोडी? मुलांच्या हाताशी चित्रांची पुस्तकं आहेत का? चिखलातून अक्षरं आपोआप उगवत नाहीत. भाषा ऐकून, बोलून आणि पुस्तकं चाळूनच येते, आणि चांगल्या बालवाडीत या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी चाललेल्या असतात. पेरलेल्या मेथीच्या वाफ्यावर मुलांच्या नावाची पाटी खोचलेली दिसली, तर समजा की तिथे डोकं चालवलेलं आहे. मूल स्वतःचं नाव असंच ओळखायला शिकतं. बाईंना एकच प्रश्न विचारा: "गेल्या महिन्यात माझ्या मुलात तुम्हाला काय बदल दिसला?" नीट पाहणारी बाई लगेच दोन गोष्टी सांगेल. "छान आहे, मस्ती करतो" एवढंच उत्तर आलं तर मात्र विचार करा.

सर्दीतापाचा दोष मातीला देऊ नका. सर्दीचे विषाणू मातीतून येत नाहीत, ते शेजारच्या मुलाच्या नाकातून येतात आणि बंद खोलीत जास्त पसरतात. बालवाडीच्या पहिल्या वर्षी बहुतेक मुलं वरचेवर आजारी पडतात, पाटी गिरवणारीसुद्धा. फिनलंडमध्येच 2020 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती, गवत, झाडझाडोरा आणून टाकला. महिन्याभरातच तिथल्या मुलांच्या त्वचेवरच्या उपयोगी जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्ततपासणीत रोगप्रतिकारशक्तीच्या बाजूनेही चांगले बदल दिसले. प्रयोग लहान होता, त्यावरून "माती खा, निरोगी राहा" असं कुणी म्हणू नये. पण भीती कमी करायला पुरेसा आहे.

खऱ्या काळज्या वेगळ्या आहेत. मातीतून जंत होतात, म्हणून नखं आठवड्याला कापा, बाहेर पायांत चप्पल, घरी आल्यावर साबण, आणि शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाची गोळी देतात ती चुकवू नका. धनुर्वाताच्या लशीचा पाच वर्षांच्या सुमाराचा डोस लक्षात ठेवा. शाळेच्या अंगणातला चिखल आणि रस्त्यावर तुंबलेलं पाणी यांत फरक करा. पायाला जखम असताना त्या पाण्यातून चालवू नका, आपल्या भागात लेप्टो (असल्या पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) दर पावसाळ्यात येतो. दगडाखाली किंवा पाचोळ्याच्या ढिगात हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचं, हे विंचू-सापाचं शहाणपण त्याला आत्ताच शिकवा. आणि बिया. चिंचोके, सीताफळाच्या बिया गोळा करायला ठीक, पण त्याही तोंडात, नाकात, कानात जाऊ नयेत. गुंजा, एरंड, पिवळी कण्हेर आणि धोत्रा यांच्या बिया मात्र विषारी. लालभडक गुंज मुलांना फार आवडते आणि चावली गेली तर जिवावर बेतू शकते. शाळेच्या बागेत पिवळी कण्हेर असेल तर बाईंच्या कानावर घाला.

उघड्यावर खेळण्याचा एक फायदा पालकांना क्वचितच माहीत असतो, तो डोळ्यांचा. चीनमध्ये ग्वांगझोऊ शहरात पहिलीच्या मुलांना रोज शाळेत 40 मिनिटं जास्तीची बाहेर घालवायला लावली. तीन वर्षांनी या मुलांपैकी सुमारे 30 टक्के मुलांना दूरचं अंधुक दिसण्याचा दोष नव्याने आला होता, बाकीच्या शाळांत हे प्रमाण सुमारे 40 टक्के होतं. दिवसाउजेडी बाहेर असणं हेच इथे औषध. जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एकूण तीन तासांची हालचाल सांगते, त्यातला एक तास दम लागेल असा, आणि स्क्रीन जास्तीत जास्त एक तास. वन बीएचकेत हे तीन तास कुठून आणायचे, असं तुम्ही म्हणाल. म्हणून तर शाळेतला मैदानाचा तास तुमच्या दृष्टीने सोन्याचा आहे.

घरी फार काही करू नका. खिडकीच्या ग्रिलमध्ये दोन कुंड्या पुरेत. एकीत मेथी टाका. तीन-चार दिवसांत वर येते, आणि चार वर्षांच्या मुलाची वाट बघायची ताकद साधारण तेवढीच असते. दुसरीत कागदी लिंबाचं रोप आणा. त्यावर आज ना उद्या पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी एक अळी येईल. ती मारू नका. पानं खाऊन खाऊन ती हिरवी होईल, मग कोषात जाईल, आणि दोनेक आठवड्यांत त्यातून फुलपाखरू निघेल. नशीब असेल तर राणी पाकोळीही, महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. रोज अळी मोबाईलमध्ये टिपायची नाही, त्याला खडूने काढू द्यायची. चित्र ओळखता आलं नाही तरी चालेल. कुंडीखालच्या ताटलीत पाणी मात्र साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. पोळ्या करताना त्याला कणकेचा गोळा द्या, मटार सोलायला बसवा, चमचे पुसून मोठे एकीकडे आणि छोटे एकीकडे लावायला सांगा. रात्री गिरवणीच्या वेळेला मांडीवर घेऊन एक गोष्ट वाचा, तीच तीच मागितली तरी तीच वाचा. आणि रविवारी तासभर खाडीकाठी किंवा जवळच्या बागेत न्या, हातात काही न देता.

जानेवारीतल्या त्या प्रवेशाचं म्हणाल, तर डिपॉझिट भरण्याआधी तुमच्या शाळेत तो एक तास बसून या. बाई बोलत्या आणि बघत्या असतील तर शाळा बदलू नका. नुसतं सोडून दिलेलं आढळलं तर जरूर बदला, पण आकडे गिरवून घेणारी दुसरी शोधू नका. गोष्टी सांगणारी आणि अंगण असलेली शोधा. एक अपवाद सांगते. तो घराबाहेरच्या माणसांना कळेल असं बोलत नसेल, हाक मारली की वळत नसेल, इतर मुलांच्या खेळात कधीच शिरत नसेल किंवा सारखा अडखळून पडत असेल, तर शाळा कोणती हा प्रश्न बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या पत्रात असं काही दिसत नाही. डब्यात गोगलगाय घालून आणणारा मुलगा मला तरी ठणठणीत वाटतो.